निवृत्तीनंतर मैत्रिणींसोबत बेटावर : दहा दिवस, एकच बेट

मागच्या वर्षी आम्ही चौघी मैत्रिणी हिंदी महासागरातील एका लहानशा प्रवाळबेटावर दहा दिवस राहून आलो. चौघीही निवृत्त आहोत, वये ६० ते ६६ च्या दरम्यान आहेत, आणि तीस वर्षे एकाच कार्यालयात काढल्यामुळे एकमेकींच्या सगळ्या सवयी ठाऊक आहेत, असा आमचा समज होता. परत आल्यापासून ओळखीतले बरेच जण बेत कसा आखला, जमले कसे, असे विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

आमच्या पहिल्या आराखड्यात दहा दिवसांत चार बेटे होती. नोकरीत असताना मोजक्या रजेत जितके पाहता येईल तितके पाहून घ्यायचे, ही सवय अंगात इतकी मुरलेली होती की हाताशी वेळ असूनही आम्ही तसाच भरगच्च कार्यक्रम मांडला. आमच्यातील एका मैत्रिणीचे दोन्ही गुडघे बरेच झिजलेले आहेत. तिने तो कागद दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, "यात बसायचे कधी गं?" दर दोन-तीन दिवसांनी सामान बांधायचे, हलत्या बोटीत पाय टाकायचा, उतरायचे, नव्या खोलीत पुन्हा सगळे लावायचे, यातच तिचे निम्मे बळ खर्ची पडले असते. आम्ही तीन बेटे खोडली. सबंध प्रवासातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता, असे मी आज ठामपणे म्हणेन.

पहिले दोन दिवस आम्ही घड्याळाप्रमाणे वागलो आणि दोन्ही दिवस पोहायला गेलो तेव्हा पाणी घोट्याएवढेच होते. दिवसाचा क्रम येथे भरती-ओहोटी ठरवते, हे तिसऱ्या दिवशी उमगले. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला पोहण्याजोगे पाणी असेल तर चार दिवसांनी ते अकरा वाजून गेल्यावर मिळते. बेटावरच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने त्या दिवसाच्या वेळा लिहिलेल्या असत. तो फळा पाहून दिवस ठरवू लागलो, तेव्हा कुठे मनातली घाई उतरली. आयुष्यभर हजेरीच्या वेळेला बांधलेल्या माणसाला रोज सरकणारी वेळ सुरुवातीला अस्वस्थ करते. पण ती रोज तितकीच सरकते हे एकदा कळले की तिच्यावर निर्धास्तपणे भार टाकता येतो.

आता त्या गुडघ्यांबद्दल. प्रवाळभिंतीच्या आतल्या बाजूला पाणी उथळ आणि शांत असते, कारण मोठ्या लाटा बाहेरच्या भिंतीवरच फुटतात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचे साधारण निम्मेच वजन येते आणि छातीपर्यंत पाणी असेल तर सुमारे एक तृतीयांश. हे आम्हाला तिच्या फिजिओथेरपिस्टने सांगून ठेवले होते, पण प्रत्यक्ष पाहणे वेगळे. तिने काठी वाळूत रोवली, माझा हात धरून छातीपर्यंतच्या पाण्यात आली आणि मग हात सोडला. सुरुवातीला ती पाऊल टाकण्याआधी नेहमीप्रमाणे थबकत होती, कळ येण्याची वाट पाहत होती. दहा-बारा पावलांनंतर ते थबकणे गेले. ती किनाऱ्याला समांतर अशी दूरवर चालत गेली, वळली आणि तशीच परत आली. खांद्यावरचा पंचा भिजलेला तिच्या लक्षातही आले नाही. त्यानंतर शेवटपर्यंत तिने ही चाल एकदाही चुकवली नाही.

एक चूकही सांगितली पाहिजे, कारण ती गंभीर ठरू शकली असती. चौथ्या दिवशी आमच्यातील एक जण कोणालाही न सांगता ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर फिरायला गेली. पट्टा किनाऱ्यापासून लांब नव्हता, पण मधला भाग सखल होता आणि भरती लागली तेव्हा पाणी आधी तेथे चढले. ती मांडीइतक्या पाण्यातून परत आली, त्याआधी आम्ही तिघींनी पाऊण तास किनारा पालथा घातला होता. रागही आला आणि रडूही आले. त्या रात्री आम्ही एकच नियम केला : कोणी एकटे बसावे, झोपावे, हवे तितके गप्प राहावे, त्याचे स्पष्टीकरण कोणी मागणार नाही, मात्र पाण्याकडे जायचे असेल तर कुठे आणि किती वेळ हे सांगूनच जायचे.

पैशांबाबत थोडक्यात. निघण्याआधी चौघींनी सारखी रक्कम एका सामाईक खात्यात भरली, एकीने हिशोब ठेवला, आणि ज्याला स्वतंत्र खोली हवी तिने त्याचा फरक स्वतः द्यायचा असे ठरले. एकीला घोरण्याची सवय आहे आणि एकीला तीन वर्षांपूर्वी पतीच्या निधनानंतर रात्री दिवा लावून वाचत बसण्याची. दोघींनी स्वतंत्र खोल्या घेतल्या आणि चौघींनाही झोप लागली.

प्रतिसाद – सांजवारा

लेख मनापासून आवडला, तरीही एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. आम्ही तीन जोडपी निवृत्तीनंतर अशाच एका बेटावर आठ दिवस राहिलो आणि पाचव्या दिवसापासून आमच्यातल्या दोघांना दिवस खायला उठला. लहान बेटाची प्रदक्षिणा अर्ध्या तासात होते. वाचन, पत्ते, पोहणे यांनाही मर्यादा असते. ज्यांची नोकरी फिरतीची होती, ज्यांना रोज नवी माणसे भेटण्याची सवय होती, त्यांना स्थिरता विश्रांतीसारखी वाटेलच असे नाही. माझ्या मते पाच-सहा दिवसांपेक्षा अधिक राहायचे असेल तर दुसरे, थोडे मोठे, डोंगर आणि वस्ती असलेले बेट निवडावे आणि मध्ये एकदाच मुक्काम हलवावा.

धागाकर्ती

सांजवारा, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. आम्हालाही पाचवा दिवस जड गेला. एकीने तर परतीचे तिकीट अलीकडे घेता येईल का, याची चौकशी केली. सहाव्या दिवशी काय बदलले ते मला नेमके सांगता येणार नाही. बहुधा, काही तरी केले पाहिजे हा विचार थकून गेला. त्यानंतर एकीने तीस वर्षांनी चित्रे काढायला घेतली. मात्र ज्यांना माणसांत राहूनच बरे वाटते त्यांनी आपण म्हणता तसे ज्वालामुखीजन्य मोठे बेट पाहावे. मॉरिशस, रेयुनियॉ किंवा बाली येथे डोंगर, झाडी, गावे सगळे आहे. प्रवाळबेट सपाट असते आणि तेथे बव्हंशी समुद्रच असतो. बेट निवडताना हा फरक आधी लक्षात घ्यावा.

प्रतिसाद – आरोग्यसखी

मी वैद्यकीय व्यवसायातून निवृत्त झाले आहे, म्हणून साठीनंतरच्या प्रवाशांसाठी काही गोष्टी नोंदवते. यातील कोणतीही गोष्ट स्वतःच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उष्ण आणि दमट हवेत शरीरातील पाणी व क्षार लवकर कमी होतात. वय वाढते तशी तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे तहान लागण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. यांपैकी काही गोळ्यांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकानेही तसे होते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते विमानाच्या सामानकक्षात देऊ नये, कारण तेथे ते गोठू शकते. हातातल्या पिशवीतच ठेवावे आणि बेटावर थंड राखणारी पिशवी वापरावी. सर्व औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि ठरल्यापेक्षा आठवडाभर अधिक न्यावीत, कारण हवामान बिघडले की बोटी थांबतात.

लांबच्या विमानप्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार ४ तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो, पण एकूण प्रमाण पाहिले तर ते सुमारे ६००० प्रवाशांत एक इतके कमी आहे. अधूनमधून उठून चालणे, पोटऱ्या हलवणे आणि पाणी पिणे एवढे बहुतेकांना पुरते. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

पाण्यात उतरण्याबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मानेपर्यंत पाण्यात गेल्यावर बाहेरच्या दाबामुळे पायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांनी मात्र खोल पाण्यात जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि मुखवटा-नळी लावून पोहताना कधीही एकटे जाऊ नये. स्कूबा डायव्हिंग केले तर विमानात बसण्यापूर्वी एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबावे लागते, म्हणून ते शेवटच्या दिवशी ठेवूच नये.

प्रतिसाद – पाणवठा

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे प्रवाळबेटांवर गोडे पाणी कोठून येते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. अशा बेटावर नदी नसते, तळे नसते. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत आणि प्रवाळ खडकात मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. बेटाच्या पोटात हे पाणी भिंगाच्या आकारात साठते : मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ. समुद्रपातळीच्या वर हे पाणी १ मीटर असेल तर सिद्धान्ताप्रमाणे खाली सुमारे ४० मीटर असते. म्हणूनच विहिरीतून जोरात उपसा केला की पातळी जराशी उतरते आणि खालून खारे पाणी कितीतरी अधिक वर येते. एकदा विहीर खारट झाली की ती सुधारण्यासाठी पुष्कळ पाऊस आणि पुष्कळ काळ लागतो. अनेक बेटांवर आता समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे आहेत, पण ती बहुतेक ठिकाणी डिझेलवर चालतात आणि ते डिझेलही बोटीनेच येते. तेथे नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्या प्रवाशाला मी हात जोडून विनंती केलेली आहे. या धाग्यावरही करतो.

प्रतिसाद – एकला वाटसरू

ताई, आपण रात्री दिवा लावून वाचणाऱ्या मैत्रिणीचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. माझे सर्व मित्र जोडीने असतात. ते मला आग्रहाने बोलावत आहेत आणि त्यांचा आग्रह खरा आहे हे मला ठाऊक आहे. तरीही अशा ठिकाणी संध्याकाळी किनाऱ्यावर तीन जोडपी आणि मी, हे चित्र डोळ्यांपुढे येते आणि मी उत्तर टाळतो. आपल्या मैत्रिणीला तेथे कसे वाटले?

धागाकर्ती

दादा, तिला विचारून आणि तिच्या संमतीनेच उत्तर लिहीत आहे. ती म्हणते की पहिल्या दोन संध्याकाळी तिला अतिशय जड गेल्या. विषुववृत्ताजवळ सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ रेषेत उतरतो, त्यामुळे मावळल्यावर रेंगाळणारा उजेड मिळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. तिला त्या अंधाराची भीती वाटायची. मग तिने सूर्यास्ताची वेळ आपल्या कामाची करून टाकली : चौघींच्या विजेऱ्या तपासायच्या, पायवाटेवरून सगळ्यांना खोलीपर्यंत सोडायचे, ओले कपडे आत घ्यायचे. हातात काम असल्यामुळे ती वेळ निघून जायची. आपल्याला निरोप द्यायला तिने सांगितले आहे की मित्रांना हो म्हणावे, खोली स्वतंत्र घ्यावी आणि परत येण्याचा मार्ग मोकळा ठेवावा, म्हणजे तारीख बदलता येणारे तिकीट काढावे. तिने तसे काढले होते आणि त्याचा उपयोग करावा लागला नाही.

एकला वाटसरू

आपल्या मैत्रिणीचे मनःपूर्वक आभार. मी आज मित्राला फोन करतो.

प्रतिसाद – नांगर

मी जहाजावर नोकरी केली आहे, त्यामुळे ऋतूबद्दल लिहितो. "उष्णकटिबंधात बाराही महिने हवा सारखीच असते" हे वाक्य ऐकून कोणी तिकीट काढू नये. तापमान सारखे असते. वारा आणि पाऊस सारखे नसतात. मालदीवमध्ये साधारण जानेवारी ते एप्रिल कोरडे आणि शांत असतात, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे. बालीमध्ये याच्या जवळजवळ उलट, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल असा येतो, तर कॅरिबियन बेटांवर १ जून ते ३० नोव्हेंबर. विषुववृत्तापासून साधारण ५ अंशांच्या आत चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत, कारण वाऱ्यांना गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तेथे फार क्षीण असतो. वादळाची फार धास्ती वाटणाऱ्यांनी नकाशावर अक्षांश पाहून बेट निवडावे.

बोट लागण्याचा त्रास असेल त्यांनी बोटीच्या मध्यभागी बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइल अजिबात पाहू नये आणि गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाला येत नाही. समुद्र सहसा सकाळी अधिक शांत असतो, त्यामुळे शक्य असेल तेथे सकाळची बोट पकडावी.

आणखी एक. प्रवाळभिंतीला जेथे खिंड असते तेथून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर धावते. वरून पाणी अगदी संथ दिसते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नये. प्रवाहाला आडवे, किनाऱ्याला समांतर पोहावे किंवा तरंगत राहून हात वर करावा. धागाकर्त्या ताईंच्या मैत्रिणीच्या बाबतीत भरती चढत होती, ओहोटी लागलेली नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद – शिंपला

प्रवाळांविषयी थोडेसे. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अवघे १ अंश सेल्सिअस अधिक काही आठवडे राहिले तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात, कारण त्यांच्या ऊतींत राहून त्यांना अन्न पुरवणारी शैवाले ते बाहेर टाकतात. तापमान लवकर उतरले तर ते सावरतात, नाही तर मरतात. अशा ताणाखाली असलेल्या प्रवाळांवर पाय देऊ नये. सनस्क्रीन घेतानाही घटक वाचावेत : ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर पाठीला सनस्क्रीन लागतच नाही, आणि पालथे तरंगताना सर्वांत आधी भाजते ती पाठच. उथळ पाण्यात चालताना जाड तळव्याचे पाणबूट अवश्य घालावेत. दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी दगडमाशाचा काटा रुतला तर जखम सोसवेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात, त्याने वेदना उतरते. तरी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

प्रतिसाद – सांजवारा

ही चर्चा वाचून घरी पुन्हा नकाशा उघडला आहे. ताई, एक प्रश्न. महिना ठरवणे आता समजले, पण महिन्यातील दिवस कसे निवडावेत? आम्ही गेलो होतो तेव्हा पाणी एक तर फार आटलेले असे, नाही तर पायऱ्यांपर्यंत आलेले असे. आमच्यातही एकांना गुडघ्यांचा त्रास आहे.

धागाकर्ती

आपण बहुधा अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास गेला असाल. त्या दिवसांत सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे उधाण येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याच्या चढ-उतारातला फरक सर्वांत कमी असतो, प्रवाह मंद असतात आणि छातीपर्यंतचे पाणी दिवसातला बराच वेळ टिकते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हेच दिवस सोयीचे. आम्ही योगायोगानेच पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी पोहोचलो होतो, म्हणून वेळा कळल्यावर सुरुवातीचे दिवस बरे गेले आणि शेवटी पुन्हा अमावास्येकडे सरकत गेलो. नांगर यांनी लिहिलेले वाचल्यावर मी तो पट्टा आणि त्या दिवसाची वेळ पुन्हा पडताळून पाहिली. ओहोटी असती तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही चौघी त्याच बेटावर पुन्हा जात आहोत. तारखा मी ठरवलेल्या नाहीत. "यात बसायचे कधी" असे विचारणाऱ्या मैत्रिणीने पंचांग आणि भरतीचे वेळापत्रक शेजारी ठेवून, अष्टमी मधोमध येईल असे दहा दिवस वहीत लिहून काढले आहेत आणि प्रत्येक दिवसापुढे पाण्यात चालण्याची वेळ लिहिली आहे. आपल्याला हवे असल्यास ते पान तिला विचारून येथे देते.